नांदीला वेळेत पोचा, आणि वायनरीत द्राक्षं असताना जा

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि गंमत म्हणजे "कुठे जाऊ" असं विचारणारी फारशी नाहीत, "जायचंय पण तिथे आपलं हसं तर होणार नाही ना" असं विचारणारीच जास्त आहेत. नाट्यगृहाबद्दलही तेच आणि वायनरीबद्दलही तेच. म्हणून यावेळी दोन्ही एकत्र घेतलंय, जमलं तर बघा.

प्रश्न: सासूबाईंना (वय ७६) संगीत नाटक बघायचंय, लहानपणी सांगलीत वडिलांबरोबर बघितलेलं, तेव्हापासूनचं वेड. नवरा म्हणतो तीन तास गाणी ऐकली तर मी झोपणार. मुलगी १४ वर्षांची, तिचं तर विचारूच नका. सगळ्यांना एकत्र न्यायचं तर कुठलं नाटक निवडू? – एक सून, डोंबिवली

उत्तर: ताई, नवरा झोपला तर झोपू दे, पदाला टाळ्या पडल्या की आपोआप उठेल, आमच्याकडे हा प्रयोग दोनदा यशस्वी झालाय. आणि तीन तास म्हणजे काहीच नाही हो, पूर्वी ही नाटकं रात्री सुरू व्हायची ती पहाटेपर्यंत चालायची, कारण एकेका पदाला दोन-दोन तीन-तीन वन्स मोअर आणि गाणारा पण कंटाळायचा नाही. आता थिएटर ठरल्या वेळेत रिकामं करावं लागतं, म्हणून पदं कमी करतात, प्रवेश कापतात, आईंना हे आधीच सांगून ठेवा नाहीतर मध्यंतरात "अरे ते पद गाळलं की" म्हणून तुमच्यावरच रागावतील.

कुठलं, तर माझं मत विचाराल तर पहिल्यांदा सौभद्र किंवा संशयकल्लोळ, दोन्हीपैकी जे तुमच्या जवळच्या नाट्यगृहात लागेल ते. सौभद्र अण्णासाहेब किर्लोस्करांचं, १८८२ चं, पण कथा ऐकली तर मुलगी म्हणेल ही तर वेब सिरीज आहे. सुभद्रेचं अर्जुनावर प्रेम, मोठा भाऊ बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघालेला, मधला भाऊ कृष्ण वरून साळसूद आणि आतून सगळी सूत्रं हलवणारा, आणि अर्जुन संन्याशाचं सोंग घेऊन घरात येतो तर बलराम स्वतःच भक्तिभावाने सुभद्रेला त्याच्या सेवेला लावतो! संशयकल्लोळ म्हणजे देवलांचं, १९१६ चं, त्यात नवरा बायकोवर संशय घेतो, बायको नवऱ्यावर, आणि एका फोटोवरून सगळा घोळ वाढत जातो. त्यातली एक गंमत मुलीला आधी सांगू नका, थिएटरमध्ये ओळखायला लावा. पात्रांची नावं बघा, फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, वैशाखशेठ, भादव्या. सगळे महिने नाहीतर नक्षत्रं! अख्खं पंचांग स्टेजवर भांडतंय.

एकच प्याला (दारूपायी उद्ध्वस्त होणाऱ्या घराची गोष्ट) मात्र पहिल्या वेळी नको, नाटक मोठं आहे यात शंकाच नाही, पण १४ वर्षांच्या मुलीला आणि झोपाळू नवऱ्याला ते दुःख एकदम नका देऊ.

मुलगी हमखास विचारेल की हे लोक बोलता बोलता मध्येच गायला का लागतात. तिला सांगा की आधी याच्या उलटं होतं, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत नाटक सुरू केलं तेव्हा पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं त्यावर हावभाव करायची, मग १८८० मध्ये किर्लोस्करांनी पुण्यात शाकुंतल केलं त्यात पात्रं स्वतःची पदं स्वतः गायला लागली. म्हणजे ज्याचं दुःख त्याने गायचं. हे तिला पटेल, या वयात तर नक्कीच पटतं.

आता व्यवहाराचं. प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की लगेच तिकिटं काढा, आईंसाठी कडेची खुर्ची, बाल्कनी नको कारण पायऱ्या, आणि अगदी पहिली रांगही नको, मान वर करून तीन तास बसवत नाही. ऑर्गन आणि तबला ज्या बाजूला बसतात त्या बाजूची तिसरी-चौथी रांग मिळाली तर सोन्याहून पिवळं, नट सूर घेतो आणि ऑर्गनवाला त्याच्याकडे बघत त्याला धरून ठेवतो, ते बघण्यातच निम्मा आनंद आहे. दुपारचा प्रयोग असेल तर तोच घ्या. आणि काहीही करून तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत बसा, कारण संगीत नाटकाची सुरुवातच नांदीने होते, सगळे कलाकार एकत्र उभे राहून गातात, आणि आईंच्या वयाच्या माणसांचे डोळे तिथेच भरून येतात. डोंबिवलीच्या ट्रॅफिकमध्ये ती नांदी हुकली तर पुढचं नाटक कितीही रंगलं तरी रुखरुख राहील. घरून निघायच्या आदल्या आठवड्यात गाडीत, स्वयंपाक करताना त्या नाटकातली दोन-तीन पदं लावून ठेवा, कान ओळखीचे झाले की कंटाळा येत नाही, हा माझा अनुभव. मध्यंतरात वड्याची रांग आणि बाथरूमची रांग यातलं आधी काय ते तुमचं तुम्ही ठरवा, मी आईंना बाथरूमला आणि नवऱ्याला वड्याला पाठवते.

प्रश्न: आम्ही चार मैत्रिणी, सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या, नाशिकला वायनरी बघायला जायचं ठरतंय. दोघी अजिबात पीत नाहीत, एक कधीतरी, मला वाईनमधलं काही कळत नाही. तिथे नेमकं करतात काय? आणि कधी जावं? मे महिन्यात सुट्टी आहे. – एक मैत्रीण, पुणे

उत्तर: मे महिन्यात नका जाऊ! म्हणजे कोणी अडवणार नाही, पण मे महिन्यात द्राक्षबागेत बघायला काय असतं तर ऊन. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा वेल अगदी बोडका करतात, मग पावसाळाभर नुसती पानं आणि काडी वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि त्यानंतर जे घड लागतात ते साधारण जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत तोडणीला येतात. युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडतात, आपल्याकडे त्या वेळी पाऊस, घड सडून जातील, म्हणून शेतकऱ्यांनी छाटणीच्या जोरावर वेलीचं कॅलेंडरच फिरवून टाकलंय. मला तर हे वाईनपेक्षा जास्त भारी वाटतं. तर जायचं ते जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी, तेव्हा वेलीवर घड, क्रेट भरून ट्रॅक्टर येतायत, सगळीकडे आंबूस गोड वास आणि वाईनरीतली माणसं खरोखर कामात. हे जमत नसेल तर सरळ ऑगस्टमध्ये जा, द्राक्षं नसतील पण गंगापूर धरण भरलेलं आणि डोंगर हिरवेगार असतात.

एक सावधगिरी, २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की सगळ्यांना तेच सुचतं, आणि तो ड्राय डे असतो. आमच्या ओळखीतला एक ग्रुप एवढ्या लांब जाऊन त्या दिवशी नुसतं पास्ता खाऊन आला.

तिथे करतात काय, तर आधी टूर, अर्धा पाऊण तासाची. द्राक्षं कुठे येतात, कुठे चिरडतात, मोठाल्या स्टीलच्या थंड टाक्या, मग लाकडी पिंपांची खोली, तिथला गारवा आणि वास विसरत नाही माणूस. एक गोष्ट तिथे नीट ऐका म्हणजे पुढचं सगळं सोपं होतं: व्हाईट वाईनला रस आधी पिळून साली बाजूला काढतात, रेडला सालीसकट आंबवतात, रंग आणि तुरटपणा सगळा सालीतनं येतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी खेचल्यासारखी होते, रेड वाईनचा तुरटपणा तोच, त्याला ते लोक टॅनिन म्हणतात, आपण जांभूळ म्हणू. आणि टूरमध्ये वेलीवरचं द्राक्ष खाऊन बघायला मिळालं तर नक्की खा, आपल्या बाजारातल्या थॉमसन किंवा सोनाकासारखं ते लागणारच नाही, बारीक मणी, जाड साल, आत बिया, आणि गोड मात्र जबरदस्त. खायचं द्राक्ष वेगळं आणि वाईनचं वेगळं, हे मलाही चाळिशीनंतर कळलं.

मग टेस्टिंग. चार-पाच ग्लासात प्रत्येकी घोट दोन घोट. आधी व्हाईट, मग रोझे, मग रेड, शेवटी गोड, हलक्याकडून जडाकडे, जसं आपण जेवताना आधी वरणभात आणि मग मसालेदार (बरं आमच्याकडे तसं, तुमच्याकडे उलटंही असेल). ग्लास दांडीला धरायचा, म्हणजे हाताच्या उबेने वाईन तापत नाही, थोडा फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट. वासात काय येतं ते बिनधास्त बोला. सोव्हिन्यों ब्लां नावाच्या व्हाईटमध्ये मला पहिल्यांदा चक्क कापलेली ढोबळी मिरची आली, मी घाबरत घाबरत बोलले तर समजावणारा मुलगा खूश, म्हणाला बरोबर. शेनिन ब्लां पण व्हाईटच, जरा फळांच्या वासाची, नवख्याला ती पटकन आवडते. शिराझ रेड, मिऱ्यासारखी तिखट झाक असते. नाही आवडली तर तिथे एक भांडं ठेवलेलं असतं त्यात ओतून द्या, कोणी काही म्हणत नाही, भांडं त्यासाठीच असतं.

ज्या दोघी पीत नाहीत त्यांनी टूर नक्की करावी आणि टेस्टिंगच्या वेळी बागेसमोर बसून गप्पा माराव्यात, आणि त्यातलीच एक गाडी चालवेल हे आदल्या दिवशी ठरवा, तिथे गेल्यावर नको. कायदा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंत आहे, त्याच्या वर सापडलात तर पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "मी दोनच घोट घेतले" हे तिथे चालत नाही. पुण्याहून दोनशेच्या वर किलोमीटर आहे, एक रात्र राहाच.

कुठल्या वायनरीत म्हणाल तर गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत. सुलाला गर्दी, शनिवार-रविवारी तर जत्राच, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळी सोय तिथे आयती असते. गर्दी नको असेल तर इगतपुरीच्या बाजूला व्हालोन आणि ग्रोव्हर झाम्पा, दिंडोरीकडेही आहेत. एका दिवसात दोनच्या वर करू नका, तिसऱ्या ठिकाणी सगळ्याची चव एकच लागते. आणि बाटल्या घेतल्या तर डिकीत ठेवून दिवसभर उन्हात गाडी उभी करू नका, वाईन शिजते. ओल्या टॉवेलात गुंडाळून सीटखाली ठेवा. शेनिन-सोव्हिन्यों वर्षा-दीड वर्षात पिऊन टाका, जुनी वाईन चांगली हे आपल्याकडच्या सगळ्या बाटल्यांना लागू नाही.

प्रश्न: मी २६ वर्षांची. वायनरीला जाणार हे बाबांना सांगावं की "नाशिकला देवदर्शन" म्हणून जावं? – नाव नको

उत्तर: अगं, त्र्यंबकेश्वर तिथून तासाभराच्या आत आहे, दोन्ही कर आणि दोन्ही सांग. आणि खरं सांगू का, बाबांनाच घेऊन जा. शेतीची आवड असलेला माणूस वायनरीत छाटणी, ठिबक, किलोला भाव काय मिळतो यात इतका रमतो की ग्लासाकडे कोणाचं लक्षच राहत नाही. माझ्या काकांनी तिथल्या माणसाला डाऊनी आणि भुरी या द्राक्षाच्या रोगांवर पाऊण तास पिळलं होतं.

प्रश्न: तुम्ही मुंबई-पुणेवाले बालगंधर्व, शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन करत बसता. आमच्याकडे गोंदियाला दौरा येतो कुठे? आम्ही काय करायचं? – एक रागावलेला वाचक, गोंदिया

उत्तर: दादा, राग मान्य, पण तुम्ही मला हे विचारताय म्हणजे समुद्रावर राहणाऱ्याने मासे कुठे मिळतात विचारल्यासारखं झालं. तुम्ही झाडीपट्टीत बसलायत! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, धानाची कापणी झाली, दिवाळी उलटली, की गावोगाव मंडई (म्हणजे जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती), आणि त्या रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्याचं माहेर, नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे ओळीने आहेत, गावकरी तिथे जाऊन नाटक ठरवतात, आणि ट्रकमधून सेट, लाइट, कलाकार, वादक सगळं गावात येतं. रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. मगाशी मी डोंबिवलीच्या ताईंना म्हटलं ना की पूर्वी नाटक पहाटेपर्यंत चालायचं, तर आमच्याकडे ते पूर्वी, तुमच्याकडे ते अजून आहे. गाणी, विनोद, रडारड, लावणी, सगळं एका रात्रीत. २०२३ मध्ये तिथल्याच परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा इकडच्या पेपरांनी झाडीपट्टी म्हणजे काय ते समजावून सांगितलं, आम्हालाच लाज वाटायला हवी.

तुमच्या गावचे पाहुणे मुंबईहून येणार असतील तर त्यांना डिसेंबरात बोलवा आणि घोंगडी द्या, कारण शहरातली माणसं एका स्वेटरवर येतात आणि दोन वाजता कुडकुडतात. त्यांना "किती वाजता संपेल" हा प्रश्न विचारू देऊ नका.

हेच कोकणातल्या वाचकांना, सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की दशावतार, देवळासमोर, रात्रभर, तिकीट नाही. पखवाज, पेटी आणि झांज, बायकांची कामं पुरुषच करतात, आणि सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे लिहिलेली संहिता नसते, कथा ठरलेली आणि बोलणं जागेवर सुचेल तसं. आधी संकासूर हा राक्षस येऊन गावातल्या लोकांची टर उडवतो, त्यामुळे पुढे बसायचं की नाही ते विचार करून ठरवा.

आणि शहरांसाठी अजून एक, राज्य नाट्य स्पर्धा. सांस्कृतिक कार्य संचालनालय भरवतं, त्यात संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा असते, तिकीट नाममात्र. हौशी मंडळी असतात, एखादा प्रयोग फसतोही, पण एखाद्या संध्याकाळी बँकेत काम करणारा कुणीतरी असा काही गातो की आपण खुर्चीला खिळतो. तसं आधी कळत नाही, जावंच लागतं.

प्रश्न: नाशिकला एकाच दिवशी दुपारी वायनरी आणि रात्री कालिदासला नाटक असं जमेल का? आम्ही दोघंच आहोत, मुलं आजीकडे. – एक जोडपं, ठाणे

उत्तर: जमतं. मी केलंय. म्हणूनच सांगते, नका करू. दुपारी पाच प्रकारच्या वाईन, उन्हात दोन तास, मग घाईघाईने कालिदास कलामंदिर, सहावी रांग, मधोमध, आणि पहिल्या अंकात नायिकेने आलाप घेतला तो मला अंगाईसारखा लागला. आमच्या ह्यांनी कोपराने ढोसलं तेव्हा मी दचकून मोठ्याने "काय?" म्हणाले, आणि ते नेमकं स्टेजवर शांतता असताना. पुढच्या रांगेतल्या आजींनी वळून बघितलं ते अजून आठवतं. डोंबिवलीच्या ताईंच्या नवऱ्याला मी वर झोपायची परवानगी दिली ती याच अनुभवातून.

उलटं करा. शनिवारी दुपारी नाशिकला पोचा, रात्री नाटक बघा, रविवारी सकाळी मिसळ खा (रांग असेल, लवकर जा) आणि अकरा-साडेअकराला वायनरी, तेव्हा गर्दीही कमी आणि टूरवाला पण ताजातवाना असतो. नाटक आधी बुक करा आणि वायनरी त्याच्या भोवती बसवा, कारण वायनरी रोज तिथेच असते, दौऱ्यावरचं नाटक एक रात्र येतं आणि सकाळी त्यांची बस पुढच्या गावाला गेलेली असते. मत्स्यगंधा लिहिणारे वसंत कानेटकर नाशिकचेच, त्यामुळे त्यांचं एखादं लागलं असेल तर तिथल्या प्रेक्षकात बसून बघायची मजा वेगळीच, आजूबाजूचे लोक वाक्यं आधीच पुटपुटतात.

ठाण्याहून गाडी नेणार नसाल तर एक लक्षात घ्या, पंचवटी एक्सप्रेस सकाळी नाशिककडून मुंबईला येते आणि संध्याकाळी परत जाते, म्हणजे नाशिककरांच्या सोयीची, आपल्या नाही. तुम्हाला सकाळची शिर्डीला जाणारी वंदे भारत बरी पडेल, ठाण्याला आणि नाशिकरोडला थांबते. फक्त नाशिकरोड स्टेशन ते गंगापूर रोड हे अंतर तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त आहे, आणि वायनरीवरून संध्याकाळी परत यायला रिक्षा चटकन मिळत नाही, तेव्हा ज्या रिक्षाने जाल त्याचा नंबर घेऊन ठेवा.